दाव्याची तारीख आणि दुधाची वेळ

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात माणसाच्या शरीराचा भागवार हिशेब मांडला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरायचं. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. करंगळी एकटी गेली तर ७. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये २०२१ च्या पावसाळ्यात ज्याची उजव्या हाताची तीन बोटं तुटली, त्याने हे आकडे पहिल्यांदा वाचले ते वकिलांच्या टेबलावर. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. घरात बायको, दोन शाळकरी मुलं, आई, आणि सोसायटीचं पीककर्ज असलेली दीड एकर जमीन.

त्याचं नाव इथे देत नाही, कारण दावा अजून चालू आहे. राहायला तो इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरकडे रस्ता फुटतो त्या जंक्शनच्या आसपासच्या एका गावात. त्या भागात दोन पिढ्यांनी कारखान्याचं काम पाहिलेलं आहे. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उभारलेल्या साखर कारखान्यातून वालचंदनगर वाढलं, पुढे तिथे साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं, अगदी अवकाश संशोधनासाठी लागणारे भागसुद्धा तयार झाले. त्यामुळे आयटीआय करून मशिनवर उभं राहणं हे त्या गावांतल्या पोरांना परकं नव्हतं. हा मात्र आयटीआय न करता हेल्पर म्हणून लागला आणि बघत बघत प्रेस ऑपरेटर झाला. भवानीनगर, काटेवाडी करत रोज दुचाकीने बारामती गाठायची, गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांना पुरवले जाणारे पत्र्याचे छोटे भाग काढायचे, ओव्हरटाइम मिळाला तर थांबायचं. डाय कशी बसवायची, पत्रा कुठल्या बाजूने सरकवायचा, आवाज बदलला की काय बिघडलंय, हे त्याला कळत होतं. कुठल्याही कागदावर नसलेलं हे कसब होतं, आणि पुढे सगळा वाद त्याच्याच किमतीचा झाला.

अपघात घडला तो प्रेसवर नेहमी घडतो तसाच. तयार झालेला भाग डायमध्ये अडकला, तो काढायला हात आत गेला आणि पायडल न दाबताच प्रेस दुसऱ्यांदा खाली आला. दोन्ही हात बाहेर ठेवून दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय चालणार नाही अशी सोय प्रेसला करता येते. इथे ती बसवलेली होती, पण मालाचा वेग वाढावा म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवलं होतं आणि काम पायडलवर चालायचं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २१ यंत्रांना आडोसा असण्याबद्दलच होतं. गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या पुरवठादारांकडे प्रेसवर बोटं जाण्याचे प्रकार त्यात वर्षानुवर्षं सापडतात. म्हणजे हे बारामतीचं वेगळेपण नाही. बजाज असो, मारुती असो, कोणाचीही गाडी असो, तिच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला अशी प्रेस शॉप असतात आणि तिथे हात जातात.

दवाखान्याचं बिल, ज्याच्यामार्फत तो कामाला होता त्या कंत्राटदाराने भरलं. टाके निघाल्यावर त्याचा माणूस घरी आला, बरोबर ५० हजार रुपये आणि लिहून आणलेला स्टॅम्प पेपर. ‘भरपाई मिळाली, यापुढे काही मागणी नाही’ एवढाच मजकूर. सही करायला तो तयार झाला होता. बायको म्हणाली, “अहो, आज नको. आधी कुणाला तरी वाचून दाखवू.” तेवढ्यावर ती सही राहिली. पुढे कळलं की भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुळात टिकतच नाही. पण सही झालेली असती तर तो मुद्दा कोर्टात लढवण्यात आणखी काही वर्षं गेली असती हेही खरं.

त्याला कामावरून लगेच काढलं नाही. गेटवर बसवलं, आलेल्या मालाची नोंद ठेवायला सांगितलं, पगार तेवढाच. कंत्राटदार चांगला वागतोय असं घरच्यांनाही वाटलं. वकिलांची नोटीस गेली, दावा दाखल झाला, आणि त्यानंतर कंत्राट संपल्याचं सांगून त्याला घरी पाठवलं. गेटवर काढलेले ते महिने पुढे कोर्टात त्याच्याच विरोधात वापरले गेले. अपघातानंतरही तेवढाच पगार मिळत होता, मग नुकसान कुठे झालं, असा लेखी जबाब कंत्राटदाराच्या विमा कंपनीच्या वतीने आला.

घरी बसून भागणार नव्हतं. गावातल्या दूध संकलन केंद्राला हिशेब ठेवणारा माणूस हवा होता. इंदापूर-बारामती पट्ट्यात घरटी दोन-चार गाई आहेत, उसाच्या बिलाची वाट वर्षभर पाहावी लागते पण दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, म्हणून संकलन केंद्र हे गावातलं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण. पहाटे आणि संध्याकाळी दूध घ्यायचं, नमुना काढायचा, मशिनवर फॅट आणि एसएनएफ बघायचं, चिठ्ठी द्यायची, वहीत लिहायचं. पगार पूर्वीच्या निम्मा, ७ हजार. तरी त्याने हे काम घेतलं, त्यामागे एक साधं गणित होतं. सकाळचं दूध आठच्या आत आटोपतं आणि संध्याकाळचं पाचनंतर सुरू होतं. कोर्ट अकराला बसतं. मधल्या वेळात बारामतीला जाऊन तारीख करून परत येता येतं. दुसऱ्या कुठल्याही नोकरीत प्रत्येक तारखेला एक खाडा पडला असता.

काम हलकं आहे असं बाहेरून वाटतं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरलेली. पेन त्यात धरता येत नाही म्हणून त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. सुरुवातीला आकडे इतके वाकडे यायचे की लोक चिठ्ठी घेऊन पुन्हा विचारायला यायचे, ‘सात आहे का एक?’ चाळीस लिटरचा कॅन तो उचलू शकत नाही, ते काम एक पोरगा करतो आणि त्याची मजुरी याच्या पगारातूनच कापून जाते. थंडीत पहाटे तुटलेल्या बोटांची मुळं ठणकतात. काचेच्या नळ्या हातातून सुटतात. केंद्र चालवणारे अण्णा समजूतदार आहेत म्हणून हे चाललंय. ही समजूत दुसऱ्या मालकाकडे मिळेलच असं नाही, आणि कमाईची क्षमता मोजताना नेमकी ही गोष्ट कुणी मोजत नाही.

गावात सल्ला देणारे पुष्कळ. त्यातला सगळ्यांचा समान सल्ला असा, की केस चालू आहे तोवर घरी बसायचं, चारचौघांत हात रुमालात गुंडाळून हिंडायचं, काम करताना कुणाला दिसायचं नाही. ‘काम करतोय’ असं कळलं तर पैसे बुडाले! या भीतीने त्याने पहिले काही महिने अण्णांना पगाराची नोंद करू दिली नाही. कुणी अनोळखी माणूस केंद्रावर आला की तो मागच्या खोलीत जायचा. मग केंद्राच्या वर्धापनदिनाचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर पडले, त्यात कॅनवर हात ठेवून उभा असलेला तोही होता, आणि काही आठवड्यांनी तोच फोटो विमा कंपनीच्या वकिलांच्या फाइलमध्ये दिसला. त्या रात्री तो जेवला नाही असं त्याची बायको सांगते.

वकिलांनी त्याला समोर बसवून जे सांगितलं ते प्रत्येक जखमी कामगाराला सांगितलं जायला हवं. कायदा कमाईच्या क्षमतेबद्दल बोलतो, आजच्या कमाईबद्दल नाही. कायमचं अंशतः अपंगत्व म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामं करू शकत होता त्या सगळ्यांतली त्याची कमावण्याची ताकद घटणं. पूर्ण अपंगत्व म्हणजे ती कामं करणंच अशक्य होणं. माणूस पोट भरण्यासाठी दुसरं काही करतो म्हणून ही घट पुसली जात नाही. भरपाई मागणाऱ्याने उपाशी बसावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. “तुम्ही काम करता हे आपणच कोर्टाला सांगायचं,” वकील म्हणाले. “लपवलं आणि त्यांनी बाहेर काढलं, तर मग तुमच्या हाताबद्दलही कुणी विश्वास ठेवणार नाही.”

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल त्यांनी दाखवले. पहिला १९७०च्या दशकातला, ओडिशातला, प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टात अशा इजेला ७० टक्के आहेत, मालकाचं म्हणणं तेवढेच द्यावेत. न्यायालयाने १०० टक्के कायम ठेवले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते हेही त्याच निकालात आहे. दुसरा निकाल २०१० चा, राजकुमार विरुद्ध अजय कुमार, मोटार अपघाताच्या दाव्यातला. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा टक्का उचलून जसाच्या तसा कमाईच्या नुकसानीला लावू नका, त्या माणसाचा धंदा काय होता आणि आता तो काय करू शकतो ते पाहा, असं त्यात बजावलं आहे. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ सगळंच गमावतो, आणि तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते, हे उदाहरण त्यात दिलेलं आहे.

हा दुसरा निकाल दुधारी आहे हे मान्य केलं पाहिजे. धंदा पाहायचा म्हटल्यावर आजचं कामही पाहिलं जाणारच. दूध केंद्रावर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाला कोर्ट १०० टक्के देईल, की परिशिष्टातल्या ३० टक्क्यांवर थांबेल, की मध्ये कुठेतरी, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण ७ हजारांचं आजचं काम हे नुकसान न झाल्याचा पुरावा म्हणून वापरणं अन्यायाचं आहे. प्रेस ऑपरेटर दूध केंद्रावर निम्म्या पगारात बसला, हाच तर नुकसानीचा पुरावा आहे.

उलटतपासणीत प्रश्न आला, तुम्ही दूध संकलन केंद्रावर काम करता हे खरं आहे का? त्याने सांगितलं, हो, सकाळ-संध्याकाळ. फोटो दाखवला, तोही त्याने आपलाच म्हणून मान्य केला. तुमच्या उजव्या हाताने तुम्ही कॅन उचलता? नाही, तो पोरगा उचलतो, त्याचे पैसे माझ्या पगारातून जातात. मग अण्णांची वही आणि पगाराचा दाखला त्याच्या वकिलांनीच पुढे केला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोर्टातून निघून तो संध्याकाळच्या दुधाला वेळेवर पोचला.

खरी अडचण दुसरीकडे निघाली, जुन्या पगारात. भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. महिन्याच्या वेतनाचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणांकाने गुणायचं, आणि येणाऱ्या रकमेवर घटलेल्या क्षमतेचा टक्का काढायचा. ३५ व्या वर्षी हा गुणांक १९७.०६ आहे. वेतन कितीही असलं तरी हिशेबात १५ हजारांपर्यंतच धरलं जायचं, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८ हजार होती. त्याच्या हातात ओव्हरटाइम धरून १४ हजार यायचे. बँकेत जमा व्हायचे ९ हजार, बाकी रोख पाकिटात. १४ हजारांवर ३० टक्क्यांचा हिशेब ४ लाख ९६ हजारांच्या वर जातो, ९ हजारांवर तोच ३ लाख १९ हजारांवर येतो. पाकिटातल्या त्या रोख पैशांनी पावणेदोन लाखांचा खड्डा पाडला. बरोबरचे दोघे साक्ष द्यायला तयार झाले आणि नंतर मागे सरले. त्यांना दोष देता येत नाही, त्यांची हजेरी अजून त्याच वसाहतीत लागते. उपयोगी पडली ती त्याची खिशातली डायरी, ज्यात तो रोजचे जादा तास लिहून ठेवत असे.

या तीन बोटांना प्रत्येक टेबलावर वेगळा भाव मिळाला. परिशिष्टात ३० टक्के. सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांग दाखल्यात ४० च्या आत, त्यामुळे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या सवलतींना ४० टक्के लागतात त्या बंद. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजारांची, दूध केंद्राचे ८४ हजार होतात, म्हणजे टक्का बसला असता तरी काम करतो म्हणून तो बाहेरच. शेजारच्या गावात कडबाकुट्टीत हात गेलेल्या शेतकऱ्याला गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून एका अवयवासाठी १ लाख मिळू शकतात आणि तिथे तू आता काय करतोस असं कुणी विचारत नाही. एसटीच्या ड्रायव्हरला नोकरीत अपंगत्व आलं तर त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २० त्याला त्याच पगारावर दुसरं काम देण्याची जबाबदारी सरकारी आस्थापनेवर टाकतं. खाजगी प्रेस शॉपला ते कलम लागू नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा, कारण गावातला ‘काम करू नका’ हा सल्ला एका ठिकाणी बरोबर आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं त्यांना अपघातानंतर बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के तात्पुरता लाभ मिळतो, आणि त्या काळात ज्या दिवशी मजुरीवर काम केलं त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. तिथे चोरून काम करणं खरंच धोक्याचं. पण मेडिकल बोर्डाने कायमच्या नुकसानीचा टक्का एकदा ठरवला की पुढचा मासिक लाभ जन्मभर चालतो, माणूस कामावर परत गेला तरी. रोजचं वेतन ५०० आणि नुकसान ३० टक्के धरलं तर दिवसाला १३५ रुपये. याच्या प्रेस शॉपमध्ये ईएसआय नव्हतं, म्हणून त्याला कोर्टाची वाट धरावी लागली.

ती वाट किती लांब असू शकते हे मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात दिसतं. एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून जाताना कारखान्यापासून साधारण ५ किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला. उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. उच्च न्यायालयात ते रद्द झालं. २९ जुलै २०२५ ला, दैवशाला प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केलं आणि घरून कामाला जातानाचा अपघातही नोकरीशी जोडलेला असू शकतो असं ठरवलं. मध्ये २२ वर्षं गेली. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणाऱ्या शेकडो लोकांना लागू पडणारा हा निकाल आहे, आणि त्यातल्या किती जणांपर्यंत तो पोचला असेल याची शंका वाटते.

उशीर झाला तर रकमेवर १२ टक्के व्याज चढतं ही कायद्यातली तरतूद चांगली आहे. याच्या दाव्यात १४ हजारांचा पगार आणि ३० टक्के धरले तर ते वर्षाला ६० हजारांच्या घरात जाईल. पण व्याज शेवटी मिळतं आणि मुलांची फी जूनमध्येच भरावी लागते. दरम्यान मोठ्या मुलाने आयटीआयला फिटरचा ट्रेड घ्यायचं ठरवलं आहे. वडिलांनी विरोध केला नाही, फक्त प्रेस शॉपला जायचं नाही एवढं सांगितलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा व ईएसआयचा जुना कायदा तिच्यात गेला. याचा अपघात आधीचा, म्हणून दावाही जुन्याच कायद्याखाली चालू आहे. पुरावा संपला आहे, युक्तिवाद बाकी आहे, आणि तो रोज दोन्ही वेळा दुधाला हजर असतो.

ज्यांच्या घरात असा अपघात झाला आहे त्यांनी स्टॅम्प पेपरवर सही करण्याआधी बारामती किंवा इंदापूरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं. औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तिथे वकील मोफत मिळतो, दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना पगाराची पाकिटं, पासबुक, जादा तासांची वही, जे असेल ते बरोबर न्यावं. आणि सध्या पोटासाठी जे काम करत असाल, ते पहिल्याच भेटीत वकिलांना सांगावं.